श्यामराव तिसरीत बसतात

श्यामराव वैरागडे यांनी सत्तरीला टेकल्यावर तिसरीत बसायचं ठरवलं, तेव्हा त्यांना शिक्षणाची गोडी लागली होती असं कोणी समजू नका. लागायची असती तर शाळेत असतानाच लागली असती. कारण निराळंच होतं. त्यांना दर रविवारी नातीशी चार शब्द जास्त बोलायचे होते, आणि ते चार शब्द काही केल्या सापडत नव्हते.

हा रविवारचा फोन म्हणजे एक सोहळाच. मुलगा सुशील हैदराबादेत. त्याचा व्हिडिओ कॉल यायचा संध्याकाळी, पण श्यामराव दुपारपासूनच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून (खाली लेंगाच, तो कुठे दिसतो?) भिलाईच्या जुनवानी भागातल्या घरात फोनसमोर बसून राहत. मग पडद्यावर नात वैभवी येई.

“जेवली का, बाई?”

“हो आबाजी.”

“शाळा?”

“ठीक.”

“बरं. पप्पाले दे.”

झालं! संपला रविवार. फोन ठेवला की श्यामराव स्वतःवरच चिडत. स्टील प्लांटमध्ये भट्टीवर असताना ज्या माणसाची हाक सायरनला भारी पडे, त्याला एका पोट्टीशी बोलता येऊ नये म्हणजे कमाल झाली.

खरं म्हणजे बोलण्याचं खातं बायकोचं, ताराबाईंचं होतं. तारा होती तोवर फोन तीच धरी, श्यामराव मागे उभे राहून मान डोलावत. नातीचा दात पडला, तिला खोकला झाला, ती तिसरीत गेली, सगळ्या बातम्या त्यांना जेवताना पोळीबरोबर वाढल्या जात. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात तारा गेली आणि बातम्या बंद झाल्या. घर इतकं गप्प झालं की कुकरची शिट्टी झाली तरी श्यामराव “हो, आलो आलो” म्हणत उठत.

तर एके दिवशी शेजारची रेणू साहू फाटकाशी उभी राहून मोबाइलकडे पाहत कुरकुरत होती. तिच्या मुलीच्या शाळेनं पाठवलं होतं, दिवाळीनंतरच्या टर्ममध्ये तिसरीची मुलं काय काय शिकणार. पानांचे आकार, पाण्याची रूपं, आपलं कुटुंब, चित्रालेख.

“अतका अकन लइका कइसे पढ़ही, कका?” रेणू म्हणाली.

लेकरू एवढं सगळं कसं शिकेल हा रेणूचा प्रश्न होता. श्यामरावांच्या डोक्यात मात्र दिवाच लागला. वैभवीही तिसरीत! शाळा हैदराबादची असली म्हणून काय झालं? पोलादाची प्लेट भिलाईत रोल झाली काय आणि राउरकेल्यात झाली काय, प्लेट ती प्लेटच. त्यांनी ते सगळं रेणूकडून आपल्या फोनवर मागवून घेतलं, पावर हाउसच्या बाजारात जाऊन तिसरीची पुस्तकं आणली आणि अभ्यासाला बसले.

पहिलाच धडा निघाला ‘आपल्या घरात कोण कोणतं काम करतं?’ श्यामरावांनी प्रामाणिकपणे तक्ता भरला. स्वयंपाक: मी. झाडू: मी. भाजी आणणं: मी. पेपर मोठ्यानं वाचणं: मी. ऐकणं... इथे ते बराच वेळ पेन घेऊन बसले, आणि मग धडाच बदलला. पुढचा धडा चित्रालेखाचा. आठवड्यात घरी कोण किती वेळा आलं ते दाखवा. त्यांनी दाखवलं. एक खांब दूधवाल्याचा, वहीबाहेर जाईल इतका उंच. त्याच्या शेजारी रेणूचा, वाटी परत न्यायला आली होती तेवढा. बाकी कागद कोरा. मन खट्टू झालं खरं, पण अभ्यास म्हटला की सोसावं लागतंच.

रविवारी त्यांनी शाळेचं “ठीक” येताच न घाबरता तोफ डागली. “बरं, मले सांग, पाणी किती रूपात राहते?”

“तीन! बर्फ, पाणी, वाफ.”

“पिंपळाच्या पानाचं टोक कसं?”

“लंबा, शेपटीसारखं.”

श्यामराव चाट पडले. टर्म अजून सुरूही व्हायची, आणि पोरीला सगळं तोंडपाठ! त्यांनी विचारत जावं आणि तिनं फटाफट सांगत जावं. दुसऱ्या दिवशी अख्ख्या जुनवानीला कळलं की वैरागड्यांच्या घराण्यात न शिकवताच सगळं येणारी नात जन्माला आली आहे. नेहरू नगरच्या कोचिंगवाल्यांनी तिचा फोटो चौकात लावावा असं त्यांचं स्पष्ट मत पडलं.

पुढच्या रविवारी त्यांनी थेट प्रॅक्टिकल काढलं. फोन मसाल्याच्या डब्याला टेकवला, गॅसवर गंजात पाणी ठेवलं आणि वर झाकण.

“आता पाह्य, वाफ कशी होते ते!”

वाफ होईपर्यंत करायचं काय, म्हणून त्यांनी भट्टीची गोष्ट काढली. वितळलेलं लोखंड कसं पाण्यासारखं वाहतं, एकदा सोबतच्या टिकारामची टोपी त्यात कशी पडली आणि तो घरी जाऊन “माझं डोकं वाचलं” म्हणून बायकोसमोर कसा रडला. वैभवी पोट धरून हसली. “और सांगा ना, आबाजी!” श्यामराव और सांगत राहिले. इतकं ते तारा गेल्यापासून बोललेच नव्हते. पाणी बिचारं केव्हाच तिन्ही रूपं पार करून निघून गेलं. गंज लाल झाला, झाकणाची मूठ वितळली आणि स्वयंपाकघर धुरानं भरलं. (हा माणूस उभी हयात भट्टीवर होता, हे वाचकांनी कृपया प्लांटमध्ये कोणाला सांगू नये.)

“का होगे, कका!” रेणू धावतच आली. तिनं गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, आणि मग तिला फोन दिसला. “अरे, ये वैभवी हे का? मोर नोनी घलो तीसरी म पढ़थे!” तिची नोनी, म्हणजे मुलगीही, तिसरीतच होती.

“पण आंटी, मैं तो फोर्थ में हूँ,” फोनमधून आवाज आला.

श्यामराव चिमट्यात गंज धरून तसेच उभे. “फोर्थमंदी? कधीपासून?”

“एप्रिलपासून.”

“मंग कावून नाही सांगितलं मले? मी मूर्खासारखा तिसरीचं विचारून राहिलो!”

“तुम्ही विचारलंच नाही, आबाजी.” मग तीच म्हणाली, “आणि सांगितलं असतं तर तुम्ही म्हटलं असतं, बरं, पप्पाले दे.”

श्यामरावांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त ताराची आठवण आली. डोळे भरले. धूर होता म्हणून निभावलं.

“काही हरकत नाही,” ते खाकरून म्हणाले. “उद्यापासून मी चौथीत.”

“असं कसं? पहले एक्झाम. ज्या प्राण्यांचे कान बाहेर दिसतात, ते अंडी देतात की पिल्लं?”

श्यामरावांनी खूप विचार केला. “अंडी?”

“आबाजी! गाय अंडं देते का?”

रेणू पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली. वैभवीनं तिथल्या तिथे निकाल सांगितला. “फेल. थर्डमध्येच राहा. मी नेक्स्ट संडेला परत विचारीन. आणि पप्पाले फोन द्यायचा नाही हां, अजून माझे क्वेश्चन बाकी आहेत.”

दुसऱ्या दिवशी श्यामराव घरोघर पेढे वाटत फिरले. नापास झाल्याचे पेढे वाटणारा माणूस जुनवानीनं पहिल्यांदाच पाहिला. रेणूनं पेढा घेतला आणि म्हणाली, “फिकर झन करो, कका. संझा के नोनी ल भेज देहूँ, वो तुमन ला पढ़ा दिही.”

तेव्हापासून श्यामरावांची ट्यूशन सुरू आहे. रेणूची मुलगी रोज संध्याकाळी येते. बाई फार कडक. पंधरवडा झाला नाही तोच तिनं त्यांना सांगितलं, घरून कोणाला तरी घेऊन या.

श्यामरावांनी हैदराबादला फोन लावला. “सुशील, तुले यावं लागते बाप्पा. माह्या बाईनं पालकाले बोलावलं हाये.”

“काय केलं बाबा तुम्ही?”

“काई नाही रे,” श्यामराव खालच्या आवाजात म्हणाले. “वर्गात लय बोलतो म्हणे.”