कोठावळ्याची सनद कातरिली त्याची हकिकत

श्री. रक्तात ऊब राखणारी जी माता, तिचे पायी मस्तक ठेवून लिहितो. शके १९४२, शार्वरी नाम संवत्सर, ते साली देहातील एका पेशीचे निनावी राज्यावर विषाणू नामे गनीम चालून आला. गनीम ऐसा कमजात की संगे फौज नाही, दाणा नाही. एक फर्मान काखोटीस मारून आत शिरला आणि राज्याचेच चाकर राबवून आपल्यासारखे हजारो गनीम घडवून घेऊ लागला. मग कारभारी विसाजीपंत यांणी मनी आणिले की, घरचा कोण त्यास उपयोगी पडतो तो हुडकावा. राज्यात प्रत्येक चाकराची सनद असे, तीस जनुक म्हणत. सनद कातरिली की चाकर नाहीसा होई. पंतांनी बारीक कात्री करविली आणि काचेचे थाळीत आपल्या राज्याची हुबेहूब जुळी राज्ये वाढविली, आणि दरएकात निराळ्या चाकराची सनद कातरून मग सर्वांवर गनीम सोडिला. बहुत राज्ये बुडाली, एक तगले. तेथे कोठावळा नव्हता.

मग कोठावळे भिमाजी यांस दरबारी आणिले. दारी येईल त्यास न पुसता शिधा घालावा ही कोठीची चाल.

"भिमाजी, गनिमास तुम्ही पोसिले," पंत बोलिले.

"पोसिले, धनी. त्याच हाते तुमची लेकरेही पोसिली. मज खुशाल मारा, पण माझे मागे कोठी कोण पाहील?"

"थाळीतले राज्य तुम्हांवाचून नांदते आहे की!"

ऐसे म्हणोन पंतांनी सनद कातरविली आणि भिमाजी गेले, आणि गनीम उपासाने मेला. मग शिधा बंद होऊन राज्याच्या भट्ट्याही विझल्या, आणि तटावरचे लोक बसले ते उठेनात. पंत धावत थाळीपाशी गेले आणि पाहतात तो बाहेरून कोणी साखरपाणी ओतीत आहे! त्या राज्यास कोठावळ्याची गरज पडलीच नव्हती. हाय हाय, एवढे शहाणे कारभारी, आणि हे कोणाचेच ध्यानी आले नाही! सनदेचे तुकडे सांधून पाहिले, परंतु मधली अक्षरे गळाली होती.

"बाबा, भिमाजीकाकांस बोलवा ना," कन्या मैनाबाई म्हणाली. पंतांनी तीस मांडीवर घेतले.

सारांश, राज्य गनिमाचे हाती पडले नाही. मैनाबाई बापाचे मांडीवर उपाशी गेली, आणि फत्तेची नौबत झडत होती ती वाजविणाराचे हात गळून मध्येच थांबली.