अध्यक्षांच्या डिस्कचा मान

सांगितलेले काम कशासाठी करायचे, हे न विचारणाऱ्या माणसांच्या जिवावरच संस्था उभ्या राहतात. विचारणारी माणसे एक तर संस्था सोडतात, नाहीतर त्यांना वार्षिक अंकाची मुद्रिते तपासायला बसवतात.

या कसोटीवर डीडीइतका आदर्श कर्मचारी कोणत्याही शाळेला लाभलेला नाही. डीडी ही कम्प्युटरची एक आज्ञा आहे. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, एन्टर दाबायचे, की तो एका डिस्कवरचे सगळे उचलून दुसऱ्या डिस्कवर जसेच्या तसे उतरवतो. आत गाणी आहेत की कचरा, हे उघडून बघत नाही. रिकामी जागासुद्धा रिकामी म्हणून इमानेइतबारे उतरवतो. ‘नक्की ना?’ असे तर चुकूनही विचारत नाही. (पेन्सिलीला टोक करायलाही परवानगी लागणाऱ्या शाळेत हा गुण फारच उठून दिसतो.)

तर त्या शाळेत गाण्याच्या बाईंच्या खोलीतला कम्प्युटर कटकट करू लागला. त्याच्या डिस्कवर बाईंनी नोकरीला लागल्यापासून जमवलेली मुलांची गाणी होती. आवाज फुटण्याआधीची, फुटतानाची आणि फुटल्यावर हट्टाने गायलेली. दुसरी प्रत कुठेही नव्हती. बाई शनिवारी निवृत्त होणार होत्या. भेट म्हणून भिंतीवरचे घड्याळ नको, तेवढी गाणी द्या, असे त्यांनी कळवले. घड्याळ आधीच आणलेले असल्यामुळे यावर निरोप समितीच्या दोन बैठका झाल्या.

अखेर काम कम्प्युटर मंडळाच्या प्रमुखाकडे आले. प्रमुख म्हणजे दहावीतली भोंगा. गेल्या वर्षापर्यंत तिचे ‘हजर’ शेजारच्या बाकावरही पोचत नसे. यंदा तिला प्रार्थनेनंतर सूचना वाचायला उभे केले आणि आत कुठलेतरी बूच उडाले. आता माइक बंद पडला तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

भोंगाने प्रयोगशाळेच्या फळ्यावर सगळ्यांना कळेल अशा भाषेत आज्ञा लिहिली:

डीडी. कुठून: जुनी डिस्क. कुठे: नवी डिस्क.

“‘कुठे’च्या पुढे ज्या डिस्कचं नाव असेल ना,” तिने खणखणीत सांगितले, “तिच्यावरचं सगळं पुसलं जातं. म्हणून नीट बघून घ्या.”

समितीने नीट बघितले. मुख्याध्यापकांनी फळ्याच्या कोपऱ्यातल्या ‘प्रयोगशाळा’मधला र सुधारला. मग पर्यवेक्षिका पुढे सरसावल्या. नवी डिस्क संस्थेच्या अध्यक्षांनी स्वतः भेट दिलेली होती आणि अध्यक्ष समोरच बसलेले होते.

“साहेबांची डिस्क मागे?” त्या म्हणाल्या. “साहेबांना आपण मागच्या रांगेत बसवतो का?”

“मुद्दा बरोबर आहे,” मुख्याध्यापक म्हणाले. “पुढे घ्या.”

“अहो, कशाला उगाच,” असे म्हणून अध्यक्षांनी खुर्ची थोडी पुढे घेतली.

पर्यवेक्षिकांनी डस्टर घेऊन दोन डिस्कांच्या नावांची अदलाबदल केली. ‘कुठून’ आणि ‘कुठे’ मात्र होते तिथेच ठेवले, कारण ते सुवाच्य होते.

“सर, पण असं केलं तर...” भोंगा म्हणाली. आवाज गेल्या वर्षीचा निघाला.

“मुलगी गुणी आहे,” अध्यक्ष म्हणाले. “बोलत नाही, काम करते.”

‘गुणी’ हे विशेषण भोंगाला जन्मात पहिल्यांदाच मिळाले होते. तिने फळ्यावरचे जसेच्या तसे टाइप केले. एन्टर दाबले. टाळ्या झाल्या आणि चहा आला.

गाण्याच्या बाई दारातून आत येऊन पडद्याकडे बघत राहिल्या.

“हा काहीच का बोलत नाही गं?”

“बाई, तो काम करताना बोलत नसतो.”

“माझ्या वर्गात नसता टिकला मग.” बाई हसल्या. “आणि माझी गाणी आता कुठून कुठे चाललीत?”

भोंगाने तोंड उघडले. उत्तर एवढेच होते, की गाणी कुठेही चाललेली नाहीत. कोऱ्या डिस्कवरचे कोरेपण त्यांच्या अंगावर चालून येते आहे.

“थांबवा,” ती म्हणाली, आणि या वेळी चहाचे कप किणकिणले. “उलटं चाललंय सगळं.”

“चालू काम अर्ध्यावर सोडायची आपल्या शाळेची परंपरा नाही,” मुख्याध्यापक म्हणाले. “पूर्ण होऊ दे. मग काय चुकलं ते शांतपणे बघू.”

भोंगाने तोवर डीडीला थांबवले होते. (तो थांबतानाही ‘का?’ म्हणाला नाही. थोर माणूस.)

तिसरा हिस्सा कोरा झाला होता. उरलेल्यातली गाणी तिने शनिवारपर्यंत एकेक करून वेचून काढली, पण त्यांची नावे गेली होती. बाई कानाला हेडफोन लावून बसल्या. एकेका आवाजावरून नाव सांगत गेल्या. मग एका गाण्यापाशी थांबून त्यांनी हेडफोन भोंगाच्या कानाला लावला.

“ही तुझी आई. तेव्हाही सगळ्यांच्या वरच्या पट्टीत.”

भोंगाने ते गाणे तीनदा ऐकले. आई घरी ‘हळू बोल’ म्हणते, त्याविरुद्धचा पुरावा म्हणून तिने ते जपून ठेवले आहे.

यथावकाश चौकशी झाली. अध्यक्षांच्या डिस्कला दिलेला मान औचित्यपूर्ण ठरला. डीडीच्या शिस्तीची विशेष नोंद घेण्यात आली. दोषी एकच निघाली: काम अर्धवट सोडणारी. तिच्याकडून सूचनावाचन महिनाभर काढून घेतले. हा निर्णय प्रार्थनेनंतर तिनेच वाचून दाखवला, कारण शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा दुसरा आवाज शाळेकडे नव्हता.

सध्या समितीत एक जागा रिकामी आहे. चूक फळ्यावरच दिसते, तरीही पुढे काय गंमत होते ते बघत जो शेवटपर्यंत शांत बसून राहतो, असा अनुभवी माणूस हवा आहे. तुम्हाला तर नावांची अदलाबदल होतानाच कळले होते. तुमचे नाव एकमताने सुचवण्यात आले आहे.