पोटाची पावडर

सायखेड्यात माणसं भेटली की रामराम घालतात. आमचे शेजारी तात्या मात्र "पोट काय म्हणतंय?" असं विचारतात. एका लग्नात त्यांनी मांडवात नवरदेवालाच हे विचारलं आणि तो बिचारा खरंच सांगत बसला.

तात्यांची कोंबड्यांची शेड माझ्या द्राक्षबागेला लागून. पिल्लं, खाद्य, औषधं एका कंपनीची. शेड आणि मेहनत तात्यांची. रोज सकाळी ते शेडमध्ये उकिडवे बसून कोंबड्यांची विष्ठा निरखायचे. एकदा माझा मेव्हणा आला होता. तात्यांनी त्याच्यापुढं चहाच्या कपाशेजारी कागदावर तिचा नमुना ठेवला आणि कौतुकानं म्हणाले, "कशी बांधून हाय बघा." मेव्हणा पुन्हा आमच्याकडे फिरकला नाही. तात्यांचे माझ्यावर उपकार आहेत ते असे.

पिल्लू शेडमध्ये उतरलं की पहिल्या दिवसापासून ते पाण्यात चांगल्या जंतूंची पावडर कालवायचे. आधी चिमूटभर स्वतःच्या ताकात टाकून पिऊन बघायचे. "एसटीत रुमाल टाकून जागा धरतो ना, तसं हाय हे," ते समजावायचे. "आपले जंतू आधी बसले, की हगवणीच्या जंतूला उभं राहायलाबी जागा नाय."

शेड झकास चालली होती. पण कंपनीचा सुपरवायझर आला की बिनसायचं. त्याचं म्हणणं, हगवण लागो न लागो, अँटिबायोटिक पाण्यातून द्यायचंच. तात्या देईनात. त्यानं पुन्हा बजावलं तेव्हा तात्यांनी विचारलं, ताप नसताना तू गोळी खातो का. सुपरवायझर तयार कोंबड्या गाडीत भरून घेऊन गेला आणि कंपनीनं नवी पिल्लं पाठवलीच नाहीत. म्हातारपणी डोकं फिरलं, असं लोक पारावर बसून म्हणू लागले. काहींनी तर तात्यांच्या वाट्याची पिल्लं आता आपल्याला मिळतील म्हणून आपली शेड वाढवायला घेतली.

परवा गेलो, तर तात्या रिकाम्या शेडमध्ये कोंबड्यांची पाण्याची भांडी घासत बसले होते. पिल्लं येणार नाहीत, हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.

मी म्हटलं, "तात्या, दिलं असतं थोडं औषध तर शेड चालू राहिली असती. एवढा हट्ट कशाला?"

त्यांचे हात थांबले नाहीत. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, गेल्यापासून पहिल्यांदाच ते काकूंच्या आजारपणाबद्दल बोलू लागले. काकूंना लघवीचा संसर्ग झाला होता. नाशिकच्या दवाखान्यात इंजेक्शनांवर इंजेक्शनं बदलली, एकही लागू पडलं नाही; जंतू सगळ्या अँटिबायोटिकांना सरावले होते. एवढं गावाला माहीत होतं. त्याआधी कितीतरी वर्षं सुपरवायझर सांगेल ते औषध तात्या डोळे झाकून पाण्यात ओतायचे, आणि घरात शिजायची ती त्याच शेडमधली कोंबडी, हेही माहीत होतं. या दोन गोष्टी कुणी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. तात्यांनी पाहिल्या होत्या.

"मी डॉक्टरला विचारलं," ते म्हणाले, "हे माझ्यामुळं झालं का? चांगला माणूस होता. म्हणला, तसं नक्की सांगता येत नाय."

घासलेलं भांडं त्यांनी उपडं घातलं आणि दुसरं ओढलं.

"खोटं का व्हईना, नाय म्हणला असता तर लय बरं झालं असतं."