दामू पंचांची कवळी

दामू पंचांनी माझ्या दवाखान्यात आल्या आल्या एका माणसाला बाद केलं.

मुरबाडच्या एसटी स्टँडजवळ माझा दातांचा दवाखाना आहे. बाजाराचा दिवस होता आणि बाकं भरलेली होती. एक गृहस्थ सगळ्यांना ओलांडून सरळ आत घुसू लागले. तेवढ्यात कोपऱ्यातून एक उंच, काटकुळे म्हातारबाबा उठले. पांढरी पँट, पांढरा शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. त्यांनी ती ओठांत धरून फुंकली. नुसती फुस्स करून हवा आली आणि शिट्टी घरंगळून छातीवर लोंबकळली. मग त्यांनी एक हात वर केला.

"बाद. मागं बस."

गृहस्थ मुकाट्याने मागे जाऊन बसले.

नंतर कळलं की वैशाखऱ्याच्या अलीकडच्या एका गावात राहणारे हे दामोदर पंच म्हणजे आमच्या भागातल्या कबड्डीचं सुप्रीम कोर्ट. शहापूरपासून माळशेजच्या पायथ्यापर्यंत यांच्या शिट्टीवर खेळाडूंच्या दोन पिढ्या आत-बाहेर झालेल्या. मैदानावरची ही सवय त्यांनी घरीदारीही आणली होती. आलं न घातलेला चहा बाद. रस्त्यात मधोमध उभी केलेली रिक्षा बाद. मुहूर्त टळून गेल्यावर वाजतगाजत आलेला नवरदेव तर त्यांनी मांडवाच्या दारातच बाद केला होता, आणि मुलीकडच्यांनी त्यावर टाळ्या वाजवल्या होत्या. आवडलेल्या गोष्टीला त्यांच्याकडे एकच शाबासकी होती. "खेळ चालू."

मी त्यांना खुर्चीवर घेतलं आणि तोंड उघडायला सांगितलं. आत एकही दात नव्हता.

"लोण चढलाय, डॉक्टरीणबाय," ते म्हणाले. "सगळी टीम बाद."

दात गेल्यापासून ते शिट्टी बोटांनी ओठांवर दाबून कशीबशी वाजवत होते. पण मागच्या जत्रेतल्या सामन्यात ती ऐन वेळी फुसकली. चढाई संपून गेल्यावर आवाज आला. पोरं हसली. गावच्या कबड्डी मंडळाने यंदा जत्रेतल्या अंतिम सामन्याला वाशिंदचा कुणी तरुण पंच बोलवायचं जवळजवळ ठरवलं होतं. दामू पंचांना गुण लिहायला टेबलावर बसा म्हणाले.

"टेबलावर मी नाय बसायचा," ते म्हणाले. "तुमी मला शिट्टीचे दात करून द्या. भाकरीचं नंतर बघू."

शिट्टीचे दात ही मागणी माझ्या कॉलेजात कुणी शिकवली नव्हती. वरची कवळी टाळूला हवेच्या ओढीने चिकटते. पुढच्या दातांत काही धरून जोर लावला की ती मागून सुटते आणि खाली येते. खालचं हाड तर झिजून सपाट झालं होतं, तिथे कवळी नुसती तरंगली असती. मी त्यांना समजावलं की खाली हाडात दोन स्क्रू बसवू आणि कवळीला बटणं लावू, म्हणजे ती खटकन बसेल. वरचं जरा अवघड आहे.

"खालचे दोन कोपरारक्षक भक्कम पायजेत," त्यांनी मान डोलावली. "कोपरे धरले का मधले सांभाळून घेतात."

हे इतकं बरोबर होतं की पुढे मी स्वतःच इतर पेशंटना तसं सांगायला लागले.

दातांचा रंग निवडताना त्यांनी माझा जीव खाल्ला. पांढरे शुभ्र नमुने हिरोचे म्हणून बाद केले. पिवळसर होते ते तंबाखूचे म्हणून बाद केले. शेवटी खिडकीपाशी नेऊन, आरशात भुवया आकसून, त्यांनी एक मधला रंग पसंत केला.

"पंचाचे दात पंचावानी पायजेत. बघून पोरानं हुज्जत नाय घातली पायजे."

हाडातले स्क्रू धरेपर्यंत काही महिने गेले. मग मेणात दात लावून तोंडात बघायचा दिवस आला, तेव्हा ते शिट्टीसकट तयार होते. पुढच्या दातांत धरली की वरची कवळी सुटत होती. सुळ्याच्या बाजूला सरकवली की थोडी टिकत होती. मी दातांची ठेवण बदलली, मागचे दात पुढच्यांना आधार देतील असे बसवले, पुन्हा पाहिलं, पुन्हा बदलली. पक्की कवळी आली त्या दिवशी त्यांनी शिट्टी डाव्या सुळ्याशी धरली आणि फुंकली.

दवाखाना हादरला. बाहेरच्या बाकावरचे सगळे उठून उभे राहिले. शेजारच्या दुकानदाराने शटर अर्धं खाली ओढलं.

"खेळ चालू," दामू पंच म्हणाले, आणि कवळीतून पहिल्यांदा हसले. रंग अगदी बरोबर निवडला होता त्यांनी.

गावी जाऊन त्यांनी सरावाचा असा धडाका लावला की म्हशीने आटायची धमकी दिली, असं त्यांची भावजय मला फोनवर म्हणाली. मंडळाचे लोक घरी आले, त्यांनी एक शिट्टी ऐकली आणि वाशिंदच्या पंचाला नको म्हणून कळवलं.

अंतिम सामन्याला पंचांनी मला पहिल्या रांगेत बसवलं. त्यांचं स्वतःचं गाव विरुद्ध शहापूरकडचा संघ. लोक कौलांवर चढलेले. मी खेळ बघतच नव्हते, मी वरची कवळी बघत होते. ती मैदानात पडली तर मी मुरबाड सोडून कुठे जायचं याचा विचार करत होते.

शेवटच्या चढाईला शहापूरकर एका गुणाने पुढे होते. गावाचा चढाईपटू म्हणजे दामू पंचांचा सख्खा पुतण्या विठ्ठल. त्याने दोघांना हात लावला, परत वळला, आणि तिघांनी त्याला कंबरेला धरून पाडला. तो मातीत सरपटत, 'कबड्डी, कबड्डी' पुटपुटत, स्वतःला मध्यरेषेकडे ओढत गेला. बोटं रेषेला लागली आणि गाव उठून नाचायला लागलं.

पण शिट्टी त्याच्या आधी वाजली होती. लख्ख, एका जागी कापल्यासारखी. दामू पंचांचा हात वर होता.

"दम तुटला. बाद."

आरडाओरडा सुरू झाला. कुणी म्हणालं, सख्ख्या पुतण्याला पण. मंडळाचा अध्यक्ष आत धावला. दामू पंच हात खाली घेईनात. विठ्ठल मातीतून उठला, गुडघे झटकले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तुटला व्हता. काकांनी बरोबर दिला."

मग शहापूरच्या पोरांनी दामू पंचांना खांद्यावर घेतलं. थोड्या वेळाने त्यांच्याच गावची पोरं आली आणि त्यांनी दुसऱ्या बाजूने खांदा लावला. हरलेल्या गावाने आपल्या पंचाची मिरवणूक काढलेली मी त्या दिवशी पाहिली. वरून ते शिट्टी वाजवत होते आणि कवळी तसूभर हलली नाही. मला रडू आलं. दाताच्या डॉक्टरला असे दिवस फार येत नाहीत.

जेवल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. भावजयीने नाचणीच्या भाकऱ्या आणि गावठी कोंबडी केली होती. आम्ही ओटीवर बसलो. भाकरीचा कडक पापुद्रा त्यांनी कडाकडा चावला आणि मी खूश झाले.

"ही असती तर हसली असती," ते अचानक म्हणाले.

मी वर पाहिलं.

"मंजुळा. माझी बायको. लकवा झाला तिला, मंग काय चावता यायचं नाय. नुसती पेज. मी भाकर खायला बसलो का ती तोंड फिरवायची, तिला लाज वाटायची. मंग माझे दात गेले, तवा मी तिला बोललो, आता आपण एका टीमचे. दोघांनी एका टोपातली पेज प्यायली, शेवटपर्यंत. गेल्या उन्हाळ्यात गेली ती."

आत भावजय भांडी आवरत होती. दामू पंचांनी भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवला आणि तसाच धरून ठेवला.

"सकाळी मी आजून पेजच पितो. तवा दात काढून वाटीत ठेवतो." त्यांनी माझ्याकडे जरा अपराध्यासारखं पाहिलं. "चालंल ना, डॉक्टरीणबाय?"

"चालेल," मी म्हणाले.