‘सबमर्ज’ची मराठी

कोणतीही गोष्ट रीतसर बुडायची असेल, तर आधी तिला शब्द लागतो. शब्दाशिवाय ती नुसतीच ओली होते.

धरणाच्या कचेरीतल्या भाषांतरकाराला हे तोंडपाठ होतं. सोमवारी अभियंत्याची इंग्रजी चिठ्ठी आली: खालची गल्ली शुक्रवारपर्यंत ‘सबमर्ज’ होईल, रहिवाशांना कळवा. कळवायचं मराठीत, म्हणून शब्दसमिती बसली. (सदस्य सात. पैकी पोहता येणारे शून्य.)

भाषांतरकाराने व्युत्पत्ती मांडली: लॅटिनमध्ये ‘सब’ म्हणजे खाली, ‘मेर्गेरे’ म्हणजे बुडवणे. सगळ्यांनी लॅटिनचं कौतुक केलं. मग तो चाचरत म्हणाला, "साधं ‘बुडणार’ लिहू या का?" खालच्या गल्लीत त्याची थोरली बहीण एकटी राहत होती. आईच्या माघारी तिनेच त्याला वाढवलं होतं, आणि त्याचा जीव टांगणीला लागला होता.

अध्यक्षांनी शांतपणे समजावलं. शाळा बुडते, दिवस बुडतो. ‘गल्ली बुडणार’ म्हटलं तर लोकांना सुट्टी वाटेल. शिवाय बुडणं आलं की बुडवलं कोणी, हा प्रश्न उगाच डोकं वर काढतो. ‘जलमग्न’मध्ये ध्यानमग्नाची शांती होती, पण मंगळवारी तो शब्द एका मताने पडला. बुधवारी दुपारी ताईचा फोन आला.

"अरे, पाणी पायरीला लागलंय. निघू का?"

"ताई, शब्द ठरू दे गं. नोटीस निघाल्याशिवाय मी कसं सांगू?"

बोलून त्याची त्यालाच लाज वाटली. पण समितीचं कामकाज गोपनीय असतं.

गुरुवारी नोटीस लागली: ‘सदर गल्ली निमज्जनाधीन असल्याची नोंद घ्यावी.’ शब्द इतका भारदस्त, की कोणी घाबरलंच नाही. त्रेचाळीस घरांपैकी बेचाळिसांनी ‘वाचले, समजले’ म्हणून सही केली. (प्रतिसाद ९७.७ टक्के, कचेरीच्या इतिहासातला उच्चांक.)

शुक्रवारी सकाळी त्रेचाळिसावं घर भाषांतरकाराच्या दारात उभं होतं, कमरेपर्यंत भिजलेलं, हातात एक पिशवी.

"तुझी नोटीस मला काही कळली नाही बाबा," ताई म्हणाली, "म्हणून निघाले. बाकीचे शिकलेले. बसलेत छपरावर."

भाषांतरकाराला रडू फुटलं. कचेरीने मात्र ताईला पत्र धाडलं: सही का केली नाही, याचा खुलासा करावा.

वाचकहो, आपण ‘निमज्जनाधीन’वर क्षणभरही न अडखळता इथवर आलात, त्याबद्दल अभिनंदन. सही खाली करावी.