खडीचं तिकीट

सुरुंगाची शिट्टी झाली, लाल झेंडा वर गेला, खाणीतली माणसं शेडकडे पळाली. पण निवृत्तीअण्णा कड्याखाली मांडी घालून बसले ते उठेचनात. मी त्यांचा दंड धरून ओढत होते. मुकादम लांबून ओरडला, "ओ आजी, तुमचा म्हातारा उचला!"

"माझा नाही हा," मी ओरडले. "माझा शहाणा होता, वेळेवर गेला. हा शेजारचा आहे."

अण्णांनी जन्मभर एसटीत कंडक्टरकी केली. रिटायर झाले, तरी चौकशी केल्याशिवाय कोणाला आत सोडत नाहीत. माझ्या घरावर खोली चढवायचं ठरलं, तेव्हापासून त्यांनी आमच्या फाटकात स्टूल टाकलं. ट्रक आला की हात आडवा.

"विटा कुठून बसल्या?"

"सायखेड्याकडनं," ड्रायव्हर गांगरून म्हणे.

"यांना जागा द्यायला तिथून कोणाला उठवलं?"

ह्याचं उत्तर कोणत्या ड्रायव्हरकडे असणार? मग अण्णा त्याच रिकाम्या ट्रकमध्ये चढून माल निघाला तिथे जात आणि परत आले की मला निकाल ऐकवत. विटांसाठी मळ्याची माती गेली. भट्टीसाठी बांधावरची बाभूळ गेली, तिच्यावरच्या सुगरणी गेल्या. वाळूसाठी नदीकाठची टिटवी गेली. दाराची सागवानी चौकट तर त्यांनी आल्या पावली परत पाठवली. मला जुन्या बाजारातून कुणाच्या तरी पाडलेल्या घराची चौकट आणावी लागली. ती इतकी बुटकी की रोज माझं डोकं आपटतं.

"हिच्यापायी एक पाखरू उठलं नाही," अण्णा खूश.

"माझं डोकं फुटलं ना!"

"तेवढं चालतंय."

गवंडी कंटाळला. मी त्याहून कंटाळले. माझे पत्रे गळत होते आणि मला पावसाच्या आत स्लॅब हवा होता. अशात खडीचा ट्रक आला. अण्णा त्यातून गेले ते परतलेच नाहीत. दुसऱ्या खेपेला ड्रायव्हर एकटाच आला आणि म्हणाला, "बाबा खाणीत बसलेत. तुम्ही सांगितलं तर ऐकतील." मी गेले.

कड्याच्या कपारीत घुबडाची दोन पिल्लं होती. कापसाच्या गोळ्यासारखी, डोळे नारिंगी. माझ्याकडे अशी बघत होती, जणू सुरुंग मीच लावलाय. खडी माझ्याच स्लॅबची होती, तेव्हा त्यांचं फारसं चुकतही नव्हतं.

ओरडून उपयोग होईना, तसा मुकादम आमच्याजवळ आला. "घुबडासाठी बसलात? अपशकुनी जात ती!"

"अपशकून त्यांच्या घरात आलाय," अण्णा म्हणाले, "तुझ्या रूपाने."

मुकादम माझ्याकडे वळला. "ए म्हातारे, तू तरी नीघ. लय झालं तुमचं."

मी अण्णांना न्यायलाच आले होते. पण असलं 'ए' मी सासूचंही ऐकून घेतलं नाही. मी फतकल मारून बसले.

"आता नाही निघत. लाव तुझा सुरुंग."

"अहो, तुमच्याच खडीसाठी चाललंय हे!"

"मग नको मला ती खडी. जा."

तो शिव्या देत फोन करायला गेला. ऊन चढलं. अण्णा खाली बघत म्हणाले, "आमचं गाव इगतपुरीकडचं. धरणात गेलं. मी लहान होतो. आई अशीच बसली होती, चुलीपुढे. तिला उचलून नेलं. गाव उभं राहून बघत होतं. कोणी तिच्या शेजारी येऊन बसलं नाही."

अशा वेळी काय बोलतात ते मला येत नाही. पाण्याची बाटली त्यांच्याकडे सरकवली आणि जरा ऐसपैस बसले.

आम्ही हलत नाही हे बघून दुपार कलल्यावर मुकादमाने सुरुंगाच्या तारा काढायला लावल्या. पिल्लं उडेपर्यंत खाणीच्या दुसऱ्या अंगाला काम करतो म्हणाला. वर मला सुनावलं, "पण तुम्हाला खडी मिळायची नाय." नाही मिळाली. माझा स्लॅब रखडला आणि तो पावसाळा मी पत्र्याखाली बादल्या मांडून काढला.

त्या कड्याखाली आम्ही चौघं होतो, दोन पिल्लं आणि दोन थेरडी. चौघंही जगलो.