पांढऱ्या दोऱ्याची डबी

ग्वांगशिकला दोन गोष्टींचा अभिमान होता. एक म्हणजे पोस्टमनच्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्याने एकही पत्र चुकीच्या दारात टाकलं नव्हतं. दुसरी म्हणजे त्याचा चेहरा. कोरियातल्या गुनसान बंदराचं खारं वारं खाऊन त्याच्या बरोबरीच्यांची तोंडं सुकत टाकलेल्या मासळीसारखी झाली होती. हा सत्तरीचा, पण गालाला एक सुरकुती नाही.

"आयुष्यात तोंडाला पाण्याशिवाय काही लावलं नाही," हे तो भेटेल त्याला सांगे.

बायकोसमोरही सांगे. बायको, म्हणजे गुमजा, तीस वर्षं दारोदार फिरून सुरकुत्यांवरची क्रीमं विकत होती. नवऱ्याने भर गिऱ्हाइकात असं बोलल्यावर दुसरी एखादी वाफाळत्या भाताची पातेली डोक्यात घालती. गुमजा नुसती हसायची.

गुमजा गेली त्याला आता एकोणचाळीस दिवस झाले होते. एकोणपन्नासाव्या दिवशी देवळात शेवटचा विधी, मग घरी जेवण, आणि मग ती पुढच्या वाटेला लागायची. या एकोणचाळीस दिवसांत ग्वांगशिक घरात सलग दहा मिनिटं बसला नव्हता. बसला की उठायचा. उठला की फ्रीज उघडायचा. आत काय आहे ते न बघताच बंद करायचा. मग चपला घालायचा आणि कुठे जायचं ते न कळून काढायचा.

चाळिसाव्या दिवशी सकाळी त्याला कपाटात बारा डब्या सापडल्या. सारख्या पांढऱ्या डब्या, कंपनीचं लेबल खरवडून काढलेलं, प्रत्येकीच्या गळ्याला वेगळ्या रंगाचा दोरा. सोबत एक वही. कुठला दोरा कुणाचा, तिचं वय काय, काय लावायचं, कसं लावायचं, सगळं बारीक अक्षरात. पहिल्या पानावर सगळ्यांसाठी नियम होते. तिशीत उन्हाला भी. चाळिशीत डोळ्यांखाली बोटाने ठोक, चोळू नको. पन्नाशीत मान विसरू नको. साठीत पावडर कमी कर, ती सुरकुतीत जाऊन बसते. सत्तरीत कोण काय म्हणतं ते सोडून दे.

"पोचवायचं राहिलेलं टपाल," ग्वांगशिक स्वतःशी म्हणाला. चाळीस दिवसांत त्याला पहिल्यांदा बरं वाटलं. विधीच्या आत सगळ्या डब्या पोचवायच्या. तिचं काही मागे राहता कामा नये.

पण दोरे बांधून कुठे टपाल पोचतं? एकेका डबीचा दोरा कापत त्याने जाड काळ्या पेनाने लेबलं लिहिली. वहीत होतं तसंच: नाव, वय, सूचना. म्हाताऱ्या बायकांना चष्म्याशिवाय वाचता यावं म्हणून अक्षर चांगलं बोटभर काढलं.

अकरा डब्या झाल्या. बारावीशी तो अडला. तिचा दोरा पांढरा. वहीत पांढऱ्यापुढे नावच नव्हतं. फक्त लिहिलं होतं: 'हट्टी. वय सत्तर. झोपल्यावर. खालून वर.'

पत्त्याशिवायचं टपाल त्याने नोकरीतही कधी परत पाठवलं नव्हतं. तो सरळ गल्लीत उतरला. पहिल्या दाराला बेल मारली.

"बाई, तुम्ही सत्तर वर्षांच्या का?"

"मी एकसष्ट आहे!"

"बरं. पण हट्टी आहात का?"

दार लागलं. दुसऱ्या दारातल्या बाईने झाडू आणला. तिसऱ्या दारातल्या बाईने त्याला आत बोलावून गरम पाणी पाजलं आणि मुलाला फोन करू का म्हणून विचारलं. त्यावर ग्वांगशिकने ती डबी दोऱ्यासकट खिशात टाकली आणि बाकीच्या घेऊन यांगसुकच्या पार्लरकडे निघाला.

गुरुवार होता. गुरुवारी पार्लरमध्ये तिघी असायच्याच. यांगसुक, मालकीण. मालजा, पूर्वी मासळीबाजारात गाळा चालवणारी, वय एकाहत्तर, तिघींत थोरली. तिच्यासाठी सगळ्या उठायच्या, पहिली कॉफी तिला. आणि चुनहे, त्रेसष्ट, धाकटी. त्यामुळे कॉफी आणणं, कप धुणं, फळ कापणं हे तीस वर्षं चुनहेकडे. गल्लीतली प्रत्येक बाई गुमजाचं क्रीम घ्यायची ते मालजाकडे बघून. एकाहत्तरीत अशी कातडी! मालजा म्हणजे गुमजाच्या धंद्याची चालतीबोलती जाहिरात होती.

ग्वांगशिक आत शिरला तेव्हा मालजाच्या डोक्याला केस कुरळे करायचं पर्मचं औषध लावून गुंडाळ्या घातल्या होत्या. चुनहे नाशपाती सोलत होती.

"ये ग्वांगशिक," मालजा म्हणाली. गुमजाहून थोरली म्हणून ती त्याला नावानेच हाक मारायची. तो एक वर्षाने धाकटा म्हणून कमरेत वाकला.

"मालजाताई, गुमजाकडून राहिलं होतं," तो म्हणाला आणि तीन डब्या आरशासमोर ओळीने मांडल्या. लेबलं बाहेरच्या बाजूला.

यांगसुकने मोठ्याने वाचलं. तिची काही वाईट भावना नव्हती. समोर अक्षर आलं की ते मोठ्याने वाचायची तिला सवय होती.

"यांगसुक, सहासष्ट. बरोबर. चुनहे, एकोणसत्तर, पावडर थापू नको. मालजा, चौसष्ट..."

नाशपातीवरची सुरी थांबली.

"दाजी, काहीतरी चुकलंय," यांगसुक म्हणाली.

"वहीवरून उतरवलंय. माझ्याकडून चूक होत नाही," ग्वांगशिक म्हणाला. तेव्हाही त्याला कळलं नव्हतं.

मालजाने घसा साफ केला. "ते मागं सरकारने वय मोजायची रीत बदलली ना, जन्मताच एक वर्ष धरायचं बंद केलं. सगळ्यांचं कमी झालं."

"सगळ्यांचं एक-दोन वर्षं कमी झालं," यांगसुक म्हणाली. "तुमचं एकटीचं सात?"

चुनहेने सुरी ताटलीत ठेवली. हात पुसले आणि ताटली मालजाच्या मांडीवर ठेवली.

"मालजा," ती म्हणाली. मालजा. ताई नाही. "उरलेलं तू काप."

"तोंड सांभाळ! तू स्वतः त्रेसष्टची म्हणून फिरत होतीस ना?"

"नवरा दोन वर्षांनी लहान आहे माझा. सासूला काय सांगणार होते? पण मी वय कमी केलं आणि तीस वर्षं कप धुतले. तू वाढवलंस आणि बसून कॉफी प्यायलीस!"

"बाजारात पंचविशीच्या पोरीला गाळ्यावर कोण उभं राहू देतं? सात वर्षं वाढवली तेव्हा गिऱ्हाईक हुज्जत घालायचं थांबलं. पुढे ती वर्षं उतरवायची कुठं?"

पर्मचं घड्याळ वाजलं. गुंडाळ्या काढायची वेळ झाली होती, पण कुणीच उठेना. धाकटीने उठायचं ही रीत, आणि धाकटी आता कोण ते ठरत नव्हतं. घड्याळ वाजत राहिलं. जळक्या पिसांसारखा वास सुटला.

"थांबा," यांगसुक एकदम म्हणाली. "मालजा चौसष्टची असेल, तर तिची कातडी चौसष्टची आहे. मग क्रीमने काय केलं?"

तिघींनी आरशासमोरच्या डब्यांकडे पाहिलं.

"गुमजाताईला माहीत होतं," चुनहे म्हणाली. "वहीत लिहून ठेवलंय. एकाहत्तरीची कातडी म्हणून चौसष्टची दाखवत तीस वर्षं विकलं आपल्याला. फसवणूक म्हणतात याला."

"माझ्या गुमजाने कुणाला फसवलं नाही," ग्वांगशिक म्हणाला. आवाज त्याला वाटला होता त्यापेक्षा बारीक निघाला. "तिने तुमच्या गोष्टी झाकल्या. लेबलं खरवडली, दोरे बांधले. फोडलं ते मी."

"तर विधीला तुम्हीच बसा, दाजी. मी येत नाही."

"मीही नाही," यांगसुक म्हणाली.

मालजा तर गुंडाळ्यांसकट दाराकडे निघाली होती.

देवळात आपण, भिक्षू आणि मधे रिकाम्या गाद्या, असं चित्र ग्वांगशिकच्या डोळ्यांसमोर आलं. तो खिसे चाचपू लागला. वही काढावी, काहीतरी दाखवावं, काय ते त्यालाही माहीत नव्हतं. वहीऐवजी हातात डबी आली.

"हिचा तरी पत्ता सांगा," तो म्हणाला. "एवढी पोचवतो आणि जातो. कुणी हट्टी बाई आहे, सत्तरची."

तिघींनी पांढरा दोरा पाहिला. मालजा दारातच थांबली. आधी यांगसुकला हसू फुटलं, मग चुनहेला. गेल्या चाळीस दिवसांत या पार्लरमध्ये कुणी एवढं हसलं नव्हतं.

"दाजी," चुनहे डोळे पुसत म्हणाली, "ती बाई तुम्ही आहात."

"मी? मी पाण्याशिवाय काही..."

"दर गुरुवारी सांगायची ती. माणूस हट्टी, लावून घेत नाही. घोरायला लागला की लावते. वीस वर्षं!"

ग्वांगशिकने आरशात पाहिलं. आरशातल्या माणसाच्या गालावर, डाव्या बाजूला, चाळीस दिवसांपूर्वी नसलेली एक रेघ होती. उजवीकडे तिची जोडीदारीण.

यांगसुक खुर्चीतून उठली, त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. "यांचं वय तरी खरं आहे ना?"

"पोस्टात नोंद आहे," तो म्हणाला.

"सत्तर. बंदराचं वारं. आणि ही कातडी." तिने हनुवटी सोडली. "क्रीम खरं होतं गं. जाहिरात चुकीची लावली होती."

"आणि ही खरी जाहिरात गावभर सांगत फिरायची, पाणी, पाणी," चुनहे म्हणाली.

मालजा हळूच परत येऊन बसली. "तिला सगळं माहीत होतं," ती म्हणाली. "माझ्याहून मोठी होती. तरी शेवटपर्यंत मला ताई म्हणाली." मग तिने डोक्याला हात लावला, आणि एक गुंडाळी केसांसकट हातात आली.

एकोणपन्नासाव्या दिवशी तिघी आल्या. मालजा टोपी घालून आली आणि देवळातही तिने ती काढली नाही. घरी जेवणानंतर चुनहेचा हात सवयीने सुरीकडे गेला. मालजाने सुरी ओढून घेतली. मग सगळ्यांनी बोटभर जाड साल काढलेल्या, लिंबाएवढ्या उरलेल्या नाशपात्या बिनतक्रार खाल्ल्या.

ग्वांगशिकला बसवेना. चपला घालाव्यात म्हणून तो उठला, पण कुठे जायचं ते आठवेना. शेवटी भिंतीकडे तोंड करून जमिनीवर आडवा झाला. उशाशी पांढऱ्या दोऱ्याची डबी होती. सूचना स्पष्ट होती: झोपल्यावर. पत्त्यावर लिहिलंय तसं करायची त्याला सवय. झोप मात्र येत नव्हती. मागे कुजबुज सुरू झाली.

"झोपले वाटतं. लाव की कुणीतरी."

"तू लाव, तू मोठी."

"मोठ्यांनी नसतं करायचं. धाकटीचं काम आहे."

मग डबीचं झाकण उघडल्याचा आवाज आला आणि गालावर बोटं टेकली. चाळीस वर्षं मासळी खवलून घासलेल्या विटेसारखी झालेली बोटं. गुमजाची नव्हती ती. पण दिशा बरोबर होती, खालून वर.

"दाजी, हलू नका," मालजा म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याला दाजी म्हटलं.

आपण जागे आहोत हे कळलं तर ती थांबेल, हे ग्वांगशिकच्या लक्षात आलं. तो घोरू लागला.